दाराला कुलूप होतं



मी डॉक्टर नाही. कंपाउंडरही नाही. झोपडपट्टीतल्या नळावरच्या भांडणांत वाढलेला पोरगा. एका पावसाळ्यात दोन महिने मेळघाटातल्या एका छोट्या दवाखान्यात राबून आलो, एवढंच. भाषण ठोकायला उभा नाही. एक गोष्ट सांगायचीय.

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा तालुके. सातपुड्याचे डोंगर, कोरकूंची गावं. १९७४ साली तिथं वाघांसाठी प्रकल्प झाला. १९९३ साली तिथली मरणारी पोरं पेपरात आली. आमचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, वजनकाटा, औषधांची पेटी. नाल्याला पूर आला की वाट बंद.

एका सकाळी एक बाई लेकरू घेऊन आली. जुलाबानं पार सुकलेलं. डोळे खोल गेलेले. पोटावर तापल्या सळईचे ताजे डाग. माझं डोकंच फिरलं. ओरडलो, "अडाणी आहात का? आधी दवाखान्यात आणायचं नाही?"

ती शांतपणे म्हणाली, "परवा आणलं होतं. दाराला कुलूप होतं."

परवा बाजाराचा दिवस. आम्ही दोघंही साबण, बिड्या आणायला गेलेलो.

लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमच्या-चमच्यानं पाजत बसलो. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन कमी पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीसांनी अशाच पाण्यावर माणसं जगवली होती. संध्याकाळी पोराला लघवी झाली. बाई हसली. माझी मात्र मान वर होईना.

सरकारी हिशेबात डोंगरी, आदिवासी भागात ३,००० माणसांमागे एक उपकेंद्र. पण कागदावरचा आकडा पूर ओलांडून येत नाही. आणि आम्ही जुलाब थांबवले, भूक नाही. काट्यावर ते लेकरू तेवढंच हलकं राहिलं. भुकेला औषधांच्या पेटीत गोळी नसते. तिला जमीन लागते, मजुरी लागते, रेशन लागतं. ते मागायला रस्त्यावरच यावं लागतं.

निघण्याआधी त्या बाईला पाणी करायला शिकवलं. तिनं आणखी तिघींना शिकवलं. दवाखान्याची किल्ली तिच्याकडं ठेवून आलो.

पुढच्या पावसाळ्यात दोघं हवेत. दया घेऊन येणार असाल तर नका येऊ. शिकायला, शिकवायला येणार असाल तर आत्ताच नाव सांगा.