तीच वाट चाललेली मैत्रीण

पाळी जाऊन वर्षं लोटलेली असतात आणि एक दिवस पुन्हा अंगावर लाल जातं. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची ही सर्वांत ठळक खूण. तिच्याकडे वेळीच लक्ष दिलं, तर आजार बरा होण्याची शक्यता मोठी असते. पण किती जणी हे घरात बोलतात?

उपचारांत बहुधा गर्भपिशवी आणि अंडाशय काढतात. काहींना पुढे किरणोपचार लागतात. टाके कधी निघतील, ते डॉक्टर सांगतात. मात्र योनिमार्ग कोरडा पडणं, आखडणं, नवऱ्याजवळ जायची भीती, पायांवर चढणारी सूज, हे प्रश्न ओपीडीच्या गर्दीत ओठांवरच राहतात. ते विचारायला याच आजारातून गेलेली बाई हवी. ती सांगते, "योनिमार्ग मोकळा ठेवायला साधन मिळतं. मलाही संकोच वाटला होता, तरी तू विचार." औषध मात्र तिनं सुचवू नये, ते काम डॉक्टरांचंच.

मुंबईत कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये 'व्ही केअर' ही संस्था सुरू केली. तिथे कर्करोग सोसलेले स्वयंसेवक रुग्णांशी बोलतात. प्रत्येक जिल्ह्यात अशी सोय असायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

मैत्रिणींनो, उपचार चालू असतील तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना विचारा, या आजारातून गेलेल्या कुणाशी बोलता येईल का? आणि पाळी गेल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी थांबू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.