हिशेब मागणारी निष्ठा



ऑगस्ट 1959 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एक नवा सदस्य शपथ घ्यायला उभा राहिला. हवाई बेटांना नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता आणि त्या राज्याचा हा पहिलाच प्रतिनिधी. सभापती सॅम रेबर्न यांनी रिवाजाप्रमाणे उजवा हात वर करायला सांगितले. सदस्याने डावा हात वर केला. उजवा हात नव्हताच. चौदा वर्षांपूर्वी इटलीतल्या एका डोंगरकड्यावर, अमेरिकेच्याच सैन्यातून लढताना तो गेला होता.

डॅनियल इनोए हे त्या सदस्याचे नाव. आज तुमच्यापुढे बोलायला मी या माणसाचे आयुष्य निवडले आहे, कारण देशावर प्रेम करणे म्हणजे नेमके काय करायचे, हे मला त्यात स्पष्ट दिसते.

इनोए यांचे आजोबा जपानच्या फुकुओका भागातून 1899 मध्ये हवाईतल्या उसाच्या मळ्यावर मजुरीला आले. त्यांच्या घरात लागलेली आग शेजाऱ्यांच्या घरांपर्यंत पोचली होती आणि त्या नुकसानीचे कर्ज फेडायचे होते. नातू 1924 मध्ये होनोलुलूत जन्मला. त्याला शल्यविशारद व्हायचे होते. 7 डिसेंबर 1941 च्या सकाळी जपानी विमाने पर्ल हार्बरवर आली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, प्रथमोपचार शिकलेला होता, आणि घरातून धावत निघून जखमींच्या मदतीला गेला. त्यानंतर लवकरच त्याच्यासारख्या, अमेरिकेत जन्मलेल्या जपानी वंशाच्या तरुणांची नोंद सैन्यभरतीच्या कागदांत शत्रुदेशाच्या परक्यांबरोबर झाली. फेब्रुवारी 1942 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढला आणि मुख्य भूमीच्या पश्चिम किनाऱ्यावरून सुमारे 1,20,000 जपानी वंशाची माणसे घरेदारे सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडली गेली. त्यांतले सुमारे दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. आरोप नाही, खटला नाही, सुनावणी नाही.

1943 मध्ये याच तरुणांची एक वेगळी पलटण उभी करायचे ठरले. हवाईतून दीड हजार मुले मागितली होती, नावे दिली सुमारे दहा हजारांनी. इनोए त्यांत होते. पलटणीचे नाव 442 वी रेजिमेंटल कॉम्बॅट टीम. मिसिसिपीतल्या प्रशिक्षण तळावर हवाईची मुले आणि मुख्य भूमीवरची मुले यांचे सुरुवातीला अजिबात जमेना, रोज मारामाऱ्या होत. मग हवाईच्या मुलांना शेजारच्या आर्कान्सा राज्यातल्या एका छावणीच्या भेटीला पाठवले गेले. पाहुणचार होईल, मुली भेटतील, गाणीबजावणी होतील अशा समजुतीने ती निघाली, आणि समोर आल्या तारा, पहाऱ्याचे मनोरे, बंदुका रोखलेले शिपाई आणि आत आपल्यासारख्याच चेहऱ्यांची कुटुंबे. आपल्याबरोबरची मुले या तारांच्या आतून सैन्यात आली आहेत, हे त्या दिवशी कळले. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोलेना. आपण त्यांच्या जागी असतो तर नाव दिले असते का, हा प्रश्न त्या प्रवासात मनात आला, असे इनोए पुढे आयुष्यभर सांगत राहिले. उत्तर त्यांनी कधी छातीठोकपणे दिले नाही. मला त्यांच्या सगळ्या पदकांपेक्षा हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

21 एप्रिल 1945. इटलीत सान तेरेन्झो गावाजवळची डोंगरधार. समोर जर्मनांच्या तीन मशीनगन. लेफ्टनंट इनोए यांच्या पोटात गोळी घुसली, तरी ते पुढे सरकत राहिले. उजव्या हाताने हातबॉम्ब फेकायच्या क्षणी शत्रूच्या ग्रेनेडने कोपराखालचा हात निकामी केला. पिन काढलेला बॉम्ब त्या निर्जीव मुठीत तसाच होता. डाव्या हाताने तो सोडवून त्यांनी शत्रूच्या ठाण्यावर फेकला. अकरा दिवसांनी इटलीतले युद्ध संपले.

इथे बसलेल्या मराठी मुलांना मला आणखी एक तारीख सांगायची आहे. त्याच इटलीत, त्याच महिन्यात, 9 एप्रिलला, सेनिओ नदीच्या काठावर नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले. मग जखमी हाताने बंदूक चालेना, तेव्हा त्यांनी हातबॉम्ब फेकून मशीनगनची ठाणी बंद पाडली. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या जवानाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एकाच्या बांधवांना त्याच्या देशाने कोंडले होते, दुसऱ्याचा देश पारतंत्र्यात होता. अशा परिस्थितीत माणूस जीव का पणाला लावतो, याचे एका वाक्यातले उत्तर माझ्याजवळ नाही, आणि कोणी दिले तर तुम्ही ते सहज स्वीकारू नका.

इनोए यांचा हात गेला, शल्यविशारद व्हायचे स्वप्न संपले. मिशिगनमधल्या लष्करी रुग्णालयात इनोए यांची बॉब डोल यांच्याशी ओळख झाली. कॅन्ससचा हा तरुणही इटलीतच, त्याच महिन्यात, जायबंदी झाला होता. आपण कायदा शिकणार, राज्याच्या विधिमंडळात जाणार आणि मग वॉशिंग्टनला, असा बेत डोल यांनी सांगितला. इनोए यांनी तो उचलला आणि काँग्रेसमध्ये डोल यांच्या आधी पोचले! पुढे एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन, अशी या दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली. पण रुग्णालयातून घरी परतताना सॅन फ्रान्सिस्कोच्या एका केशकर्तनालयात, अंगावर कॅप्टनचा गणवेश आणि हाताच्या जागी लोखंडी आकडा असताना, जपान्यांचे केस आम्ही कापत नाही, हेही त्यांना ऐकावे लागले होते. माजी सैनिकांसाठीच्या सरकारी शिक्षण योजनेतून ते पदवीधर झाले, वकील झाले. 1963 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे डिसेंबर 2012 पर्यंत, ते सिनेटर होते.

या जवळजवळ पन्नास वर्षांतले दोन प्रसंग मी मुद्दाम सांगतो.

पहिला 1987 चा. अमेरिकी सरकारातल्या काही लोकांनी इराणला गुपचूप शस्त्रे विकली आणि त्यातला पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवला. चौकशी करणाऱ्या सिनेट समितीचे अध्यक्ष इनोए होते. साक्षीला आले लेफ्टनंट कर्नल ऑलिव्हर नॉर्थ, पूर्ण गणवेशात, छातीवर पदके. टीव्हीपुढे बसलेला अर्धा देश त्यांच्यावर फिदा झाला होता. साक्षीच्या अखेरीस इनोए शांतपणे म्हणाले की, वरिष्ठाचा हुकूम पाळायचा असतो हे खरे, पण लष्करी कायदा कायदेशीर हुकूमच पाळायला सांगतो. नॉर्थ यांच्या वकिलांनी हरकत घेतली. समितीकडे संतापाची पत्रे आली, काहींत वंशावरून शिव्या होत्या. गणवेशाची किंमत एक हात देऊन मोजलेल्या माणसाने गणवेशाला कायद्याची मर्यादा दाखवली, म्हणून त्या शब्दांना वजन आले.

दुसरा प्रसंग छावण्यांचा. भरपाईची मागणी पुढे आली तेव्हा इनोए यांनी जपानी अमेरिकन पुढाऱ्यांना सुचवले की आधी चौकशी आयोग मागा, देशाला काय घडले ते अधिकृतपणे कळू द्या. 1980 मध्ये आयोग नेमला गेला. शेकडो माणसांनी साक्षी दिल्या, त्यांतल्या अनेकांनी स्वतःच्या मुलांनाही कधी काही सांगितले नव्हते. वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश ही आयोगाने दिलेली कारणे. 1988 मध्ये कायदा झाला : देशाची माफी, आणि हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर. त्यासाठी सिनेटमध्ये एकेका सदस्याची समजूत घालणारे स्पार्क मात्सुनागा हेही हवाईचेच, आणि युद्धात जखमी झालेले सैनिकच.

पण कायदा झाला तरी तिजोरीतून पैसे निघेनात. म्हातारी माणसे वाट बघत मरत होती. तेव्हा सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या सिनेटच्या विनियोजन समितीतले आपले वजन वापरून इनोए यांनी 1989 मध्ये ही रक्कम दरवर्षीच्या मंजुरीवर न ठेवता सरकारचे बंधनकारक देणे ठरवून घेतली. ऑक्टोबर 1990 मध्ये पहिले धनादेश निघाले. त्या प्रसंगाचे कोणी चित्र काढले नसेल, पण इटलीच्या कड्याइतकाच मोठा मी तो मानतो. इनोए स्वतः छावणीत कोंडले गेले नव्हते. सेहेचाळीस वर्षांपूर्वी तारांच्या आत पाहिलेल्या माणसांसाठी त्यांनी देशाकडून हिशेब घेतला.

त्यांना देव करू नका. विनियोजन समितीतून हवाईकडे पैसा ओढून नेतात ही टीका त्यांच्यावर सतत झाली आणि ती निराधार नव्हती. व्हिएतनाम युद्धाला आधी पाठिंबा देऊन नंतर ते विरोधात गेले. 1992 मध्ये गैरवर्तनाचा आरोप झाला, तो त्यांनी नाकारला. हे सारे त्यांच्या चरित्रात आहे आणि राहायला हवे. सर्वोच्च लष्करी पदक त्यांना 2000 मध्ये मिळाले, पराक्रमानंतर पंचावन्न वर्षांनी, कारण आशियाई वंशाच्या सैनिकांच्या कामगिरीची फेरतपासणी तोवर झालीच नव्हती. तिथेही देशाला आपलीच जुनी नोंद दुरुस्त करावी लागली.

मित्रहो, तुमच्यातले थोडेच सैन्यात जातील, त्याहून थोडे संसदेत. पण हिशेब मागायला कोणत्याच पदाची गरज नाही. आपल्या संसदेतही 1993 पासून खात्यानिहाय स्थायी समित्या आहेत, लोकलेखा समिती तर त्याहून कितीतरी जुनी. त्यांचे अहवाल संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात, आणि वाचणारे फार कमी आहेत. आपला खासदार कोणत्या समितीवर आहे हे या आठवड्यात शोधा. त्या समितीचा एक अहवाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. तुमच्या जिल्ह्यातल्या ज्या माणसांसाठी कायदा झाला, पण पैसा पोचला नाही, त्यांची नावे खासदाराला लिहून कळवा, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा लिहा.