गोबरगॅस थंडीत का रुसतो?



डिसेंबर आला की आपल्या अकोला-अमरावतीकडच्या गावांत एकच तक्रार ऐकू येते. गोबरगॅसची शेगडी मंद पडते, पोळ्या अर्ध्यावर राहतात. मग पुन्हा पऱ्हाटीची चूल अन् डोळ्यांत धूर. वरून बोलणी कोणाला, तर शेण कालवणाऱ्या बाईला!

दोष तिचा नसतो. टाकीत डोळ्यांना न दिसणारे, हवेशिवाय जगणारे जीव असतात. काही शेण कुजवतात, काही त्यातून मिथेन नावाचा जळणारा वायू करतात. गाईच्या पोटात असतात तसेच हे जीव, शेणाबरोबरच टाकीत येतात. गाईच्या पोटात 38-39 अंशांची ऊब असते. म्हणून टाकीत 35 अंशांच्या आसपास ते जोमात असतात, 20 च्या खाली सुस्तावतात, अन् 10 च्या जवळ काम जवळपास बंदच.

यांचे काही भाऊबंद मात्र 50 ते 60 अंशांतच खूश. समुद्रतळाच्या उकळत्या झऱ्यांजवळचा एक तर 122 अंशांतही वाढतो, असं जपानी शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये दाखवलं. कोणी म्हणेल, आमचा मे महिना काय कमी आहे? पण वर 45 अंश असले तरी जमिनीतली टाकी तेवढी तापत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निसर्गऋण प्रकल्पात पहिल्या टाकीत गरम पाणी सोडतात, ते कचरा लवकर कुजवणाऱ्या उष्णताप्रेमी जिवाणूंसाठी. मिथेन पुढच्या टाकीत होतो. घरच्या टाकीला असा खर्च कुठून परवडणार?

आपण एवढं करू. शेण सकाळच्या गारठ्यात कालवू नका. दुपारी, उन्हात ठेवलेल्या पाण्यात कालवा. जेवढं शेण, तेवढंच पाणी. टाकीभोवती कुटाराचा जाड थर द्या. उकळतं पाणी मात्र ओतू नका, अचानक बदल या जीवांना सोसत नाही. फिनाईलचं, साबणाचं पाणीही टाकीत जाऊ देऊ नका.

आणि हे घरातल्या माणसांनाही सांगा: टाकी रिकामी दिसली तरी आत कोणी उतरायचं नाही. आत श्वासाला हवा नसते, विषारी वायू असतो. एकाला काढायला दुसरा उतरतो अन् दोघंही जातात. गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, आधी दारं-खिडक्या उघडा.