औषध एकटीने घेऊन भागत नाही
(महिला मंडळाच्या आरोग्य शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, अंगावरून जाणं हा बाईच्या जन्माचा भोगच, असं आपण ऐकत आलो. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली निष्कर्ष छापून आले: ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग, आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के.

थोडा पांढरा, बिनवासाचा स्राव हा आजार नव्हे. पण पिवळट-हिरवं, फेसाळ, घाण वासाचं जात असेल, खाज सुटत असेल, लघवीला जळजळत असेल, तर ट्रायकोमोनास असू शकतो. हा संभोगातून पसरणारा सूक्ष्म परजीवी. अनेकींना काहीच जाणवत नाही, पुरुषांना तर बहुधा नाहीच. म्हणून ‘मला काय झालंय?’ म्हणत नवरा हात झटकतो. बाई गोळ्या घेऊन बरी होते, त्याच्याकडून पुन्हा लागण होते. आणि संशय कोणावर? तिच्यावरच! खरं तर लागण महिनोन्‌महिने लपून राहते. ती कोणाची, हे तपासणी सांगत नाही.

मेट्रोनिडॅझोलने हा आजार बरा होतो. दोघांनी एकाच वेळी औषध पुरं करायचं, तोवर संबंध नाही. तीन महिन्यांनी बाईने पुन्हा तपासून घ्यायचं. निरोधने धोका कमी होतो. आतून धुण्याने नाही. दिवस गेले असतील तर अंगावर काढू नका, बाळंतपण अपुऱ्या दिवसांत होऊ शकतं. एचआयव्हीचा धोकाही वाढतो.

दवाखान्यात मंडळातली कोणी सोबत न्या, आणि नवऱ्याच्या औषधाचीही चिठ्ठी मागून घ्या.