घरोघरच्या दप्तरांचे यात्रेकरू : इतिहासाचार्य राजवाडे

(मंदिर जीर्णोद्धार समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार निघाला की गावात एक प्रश्न हमखास निघतो. मूळ देऊळ बांधले कोणी? कोणी म्हणतो हेमाडपंताने, कोणी अहिल्याबाईंचे नाव घेतो, कोणी म्हणतो अमक्या पाटलाच्या पणजोबाने नवस फेडला. काळा दगड दिसला की तो हेमाडपंताच्या खात्यावर टाकायचा अशी आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. मग कोणीतरी पुरावा विचारतो आणि पारावरची सगळी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. पुरावा नसतो असे नाही. तो बहुधा कोणाच्या तरी माळ्यावर, लाकडी पेटीत, लाल फडक्यात बांधलेल्या रुमालात पडलेला असतो. घरातल्या कोणालाच मोडी वाचता येत नाही म्हणून तो उघडला जात नाही, आणि वाळवीला मोडी वाचता येण्याची गरज नसते.

असे रुमाल सोडून पाहण्यात ज्यांनी आपला सगळा जन्म घातला त्या विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचे चरित्र आजच्या प्रसंगी सांगण्याचे योजिले आहे. राजवाडे हे इतिहासाचार्य म्हणून ओळखले जातात. पण त्यांचा इतिहास राजवाड्यात बसून झालेला नाही. तो देशमुखांच्या, देशपांड्यांच्या, पाटील-कुळकर्ण्यांच्या, गोसाव्यांच्या मठांतल्या आणि देवळांच्या पुजाऱ्यांच्या घरांतून गोळा झालेला आहे. घराण्यांचा इतिहास जुळवत जुळवत त्यांनी देशाचा इतिहास जुळवला.

राजवाड्यांचा जन्म 24 जून 1863 चा, कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातला. वडिलांचे छत्र लहानपणीच गेले. शिक्षण पुण्यास झाले, बी. ए. झाले. त्या काळी बी. ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरीचे दार सताड उघडे असे, परंतु त्या दारातून ते गेले नाहीत. काही दिवस शाळामास्तरकी केली, 1894 साली ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले, तेही फार वर्षे चालले नाही. पत्नी अकाली वारली. पुन्हा लग्न केले नाही. त्यानंतर हा गृहस्थ जो घराबाहेर पडला तो शेवटपर्यंत एका जागी असा स्थिरावलाच नाही. स्वतःच्या हाताने स्वयंपाक करायचा, मिळेल तेथे पथारी टाकायची आणि या गावाहून त्या गावाला कागदांच्या मागे जायचे. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचे ते मराठीतच, हा त्यांचा बाणा होता.

कागदांचे हे वेड लागण्याचे कारण ध्यानात घेतले पाहिजे. ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने 1826 साली मराठ्यांचा इतिहास छापला आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या मुलांना आपल्याच आजा-पणज्यांचा इतिहास त्या साहेबाच्या तोंडून शिकावा लागला. राजवाड्यांचे म्हणणे असे की, अस्सल कागद बाहेर काढा, मग बोला. वाईस त्यांना पानिपतच्या काळातला पत्रव्यवहार हाती लागला. 1750 ते 1761 या सालांतली ती पत्रे त्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने पहिल्या खंडात छापली. पुढे असे बावीस खंड निघाले. पदरी पैसा नाही, पाठीशी संस्थानिक नाही. अशा स्थितीत एका माणसाने बावीस खंड उभे करावेत हे आजही अचंबा वाटावा असेच काम आहे.

आता श्रोत्यांपैकी कोणी विचारील की, पानिपत ठीक आहे, पण साध्या पाटला-कुळकर्ण्याच्या घरी इतिहास कुठून आला? तर मंडळी, तो आला भांडणातून! वतन ही जुन्या काळी घराण्याची जीवनदोरी होती. पाटीलकी कोणाची, देशमुखीत थोरला वाटा कोणाचा, पोळ्याच्या दिवशी मानाचा बैल कोणाचा, होळीला पहिली पोळी कोणाची, यावर पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. तंटा गोतसभेपुढे आला की दोन्ही पक्षांना आपापली हकीकत लेखी द्यावी लागे. त्या हकीकतीस करीना म्हणत. आमचा मूळ पुरुष अमका, तो अमक्या गावाहून आला, त्यास इतके लेक, थोरल्याचा वंश हा, धाकट्याचा तो, मध्ये दुष्काळ पडला तेव्हा घर परागंदा झाले, पुढे अमक्या सुभेदाराच्या कारकीर्दीत परत आलो, असे सगळे त्यात येई. कोर्टकज्ज्यासाठी लिहिलेला हा कागद आज त्या घराण्याचे चरित्र होऊन बसला आहे. भाऊबंदकीला आपण सगळेच नावे ठेवतो. वंशावळी टिकवण्याचे पुण्य मात्र तिच्याच पदरात टाकावे लागते.

निवाडा झाला की महजर होई. त्यावर सगळ्या गावच्या साक्षी पडत. लिहिता येणारा सही करी, न येणारा आपल्या धंद्याची निशाणी काढी. पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. ज्यांच्या घरात कधी बोरू शिरला नाही त्यांच्या पूर्वजांचे नावही अशा महजरात सापडते. म्हणून जुना कागद ज्याच्या पेटीत असतो त्या एकट्याचा तो नसतो. पाटलाच्या घरच्या महजरात परटाचा आजा असतो आणि कुळकर्ण्याच्या दप्तरात लोहाराचा.

राजवाडे अशा दप्तरांसाठी दारोदार हिंडले. सगळीकडे स्वागत होई असे समजण्याचे कारण नाही. वतन जप्त होईल, भाऊबंद दावा लावतील, जुने कर्ज उकरले जाईल, या भीतीने लोक पेटी उघडीत नसत. काही ठिकाणी कागद आधीच रद्दीत गेलेले, काही नदीला अर्पण झालेले, काही बंबात गेलेले. राजवाड्यांचा स्वभावही मोठा तिखट होता. परंतु कागदापुढे ते तिखटपण गुंडाळून ठेवीत, एकेका घरी पुन्हा पुन्हा जाऊन बसत. एकदा रुमाल सुटला की मग त्यांना तहानभूक राहत नसे.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. या बाजूचे त्यांचे मोठे धन म्हणजे बीडकडच्या पाटांगण येथे हाती लागलेली ज्ञानेश्वरीची जुनी पोथी. ती त्यांनी 1909 साली छापली आणि तिच्या आधाराने ज्ञानेश्वरीतल्या मराठीचे व्याकरण लिहिले. जिचे पारायण आपण सप्ताहात करतो त्या ग्रंथाची जुनी भाषा कशी होती याचा शास्त्रीय विचार आपल्याच मुलखातल्या पोथीवरून झाला, ही गोष्ट मराठवाड्याने मिरवावी अशी आहे.

नुसते कागद गोळा करून भागत नाही, ते चार जाणत्यांपुढे मांडावे लागतात. यासाठी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साह्याने राजवाड्यांनी 7 जुलै 1910 रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. या मंडळाची वार्षिक संमेलने भरू लागली. गावोगावचे वकील, मास्तर, इनामदार आपापल्या भागातले कागद घेऊन येत, टिपणे वाचीत, दुसरा उठून त्यातली चूक दाखवी. ती टिपणे मंडळाच्या इतिवृत्तांत छापली जात. अमक्या घराण्याची शकावली, तमक्या देवस्थानची सनद, अशा लहानलहान टिपणांचा तो सगळा बाजार असे. स्वतः राजवाडे त्यात मुबलक लिहीत. भाषण करताना समोरच्यास काय आवडेल याचा विचार करण्याची सवय त्यांना नव्हती.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. घराण्यांच्या इतिहासात जातीचा अभिमान फार लवकर शिरतो, आणि राजवाड्यांसारखा पुराव्याचा भोक्ता माणूसही त्यातून सुटला नाही. मंडळाच्या संमेलनवृत्तात त्यांनी कायस्थ प्रभू समाजाविषयी जे लिहिले त्याला केशव सीताराम ठाकरे म्हणजे प्रबोधनकार ठाकरे यांनी 1918 साली ‘कोदंडाचा टणत्कार’ हे पुस्तक लिहून सडेतोड उत्तर दिले. ठाकऱ्यांनीही घराण्यांचे दाखले पुढे केले. दुसऱ्याच्या पूर्वजांना कमी लेखण्यासाठी इतिहास हाती घेतला की कागद बाजूला राहतो आणि काठी पुढे येते. या प्रकरणी राजवाड्यांचा पक्ष घेण्याचे काहीच कारण नाही. बावीस खंडांबद्दल त्यांना नमस्कार करावा आणि ही पाने दोष म्हणून वाचावीत.

शहाजीराजांविषयीचे त्यांचे काम जालना जिल्ह्याच्या अगदी शेजारचे. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या लेकीचे, जिजाऊंचे, यजमान ते शहाजी. त्यांच्या पदरच्या जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य राजवाड्यांनी 1922 साली छापले आणि त्याला विस्तृत प्रस्तावना जोडली. तोवर शहाजी म्हणजे शिवाजीमहाराजांचे वडील एवढीच बहुतेकांची ओळख. या प्रस्तावनेने त्यांना स्वतःच्या कर्तृत्वावर उभे केले. पुढे 1924 साली त्यांनी ‘महिकावतीची बखर’ काढली. तिच्यात उत्तर कोकणात कोणती कुळे कोठून आली, त्यांची गोत्रे कोणती, कुलदेवता कोणत्या, असा सगळा पसारा आहे. बखरीतला प्रत्येक शब्द खरा मानावा असे नाही. भाटांच्या आणि बखरकारांच्या वंशावळीत मूळ पुरुष सहसा साधा शेतकरी नसतो, तो कोठल्या तरी राजाचा धाकटा मुलगा असतो! तेथे गावाचे नाव, साल आणि दुसऱ्या घरचा कागद यांचा मेळ बसतो का हे पाहावे लागते.

सालाचा हा मेळ कसा घालतात ते थोडे सांगितले पाहिजे, कारण घरचे कागद पाहू इच्छिणारा येथेच अडखळतो. जुन्या मराठी पत्रात ‘सन इहिदे खमसैन मया व अलफ’ असे लिहिलेले आढळते. हा मंत्र नव्हे. इहिदे म्हणजे एक, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार, मिळून 1151. हे सुहूर सन. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी 1750-51 येते. शके असेल तर 78 किंवा 79 मिळवावेत. आपल्याकडे निजामी अमलातल्या जमिनीच्या कागदांवर फसली साल असते, त्यात 590 किंवा 591 मिळवावेत. पोलीस कारवाईनंतरचा फसली 1358 चा उतारा अजून पुष्कळ घरांत असेल, तो 1948-49 चा समजावा. दुसरी अडचण नावांची. आजाचे नाव नातवाला ठेवण्याची आपली चाल. त्यामुळे रामजी बिन शिवजी आणि शिवजी बिन रामजी एकाआड एक येत राहतात आणि चार पिढ्यांच्या दोन होऊन जातात. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा अशा वेळी उपयोग होतो. आपल्या घरचा माणूस तेथे कधी गेला, बरोबर कोण होते, हे त्यांत लिहिलेले सापडते.

मंडळाशी पुढे राजवाड्यांचे पटले नाही. स्वतः काढलेली संस्था सोडून ते धुळ्यास गेले. धुळे ही त्या वेळी अशा वेड्यांची पेठच होती. तेथे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1893 मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढलेली होती. आपल्या जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थांचे जन्मगाव. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या घराण्याची, मठामठांतल्या शिष्यपरंपरांची बाडे देवांनी आयुष्यभर जमवली. डोमगावच्या मठातली कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत आधाराला घेऊन त्यांनी 1905 साली दासबोध छापला. जांबच्या मातीतले धन धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात नीट बांधून ठेवलेले आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल.

आता थोडे आपल्या देवळाकडे. जीर्णोद्धारात जुना दगड पायरीला जातो, लेखाची बाजू भिंतीत दडते, किंवा उत्साहाच्या भरात त्यावर ऑइलपेंटचे दोन हात बसतात. समईवर, घंटेवर, पितळी प्रभावळीवर देणाऱ्याचे नाव आणि साल कोरलेले असते. भांडे जुने झाले म्हणून मोडीत घालण्यापूर्वी ते वाचून कोणीतरी वहीत उतरून घ्यावे. पुजाऱ्यांच्या घरची सनद, उत्सवाच्या जमाखर्चाच्या वह्या, सप्ताहाच्या पंगतीच्या याद्या, यांना रद्दीचा भाव कितीसा येणार? कागद कोणाला द्यावयाचे नसतील तर देऊ नयेत. परंतु त्यांची नक्कल किंवा छायाचित्र करून घेण्यास कोणाच्याही वतनाला धक्का लागत नाही, कारण वतने कायद्याने केव्हाच संपली आहेत. आणि या स्मरणिकेत देणगीदारांची जी यादी छापली आहे तीत नुसती आडनावे व आकडे न देता वडिलांचे नाव आणि मूळ गाव दिले आहे, हे समितीने फार चांगले केले. सासुरवाशिणींनी दिलेल्या देणगीपुढे त्यांचे माहेरही घातले असते तर अधिक बरे झाले असते. आपल्या सगळ्या वंशावळींत लेकींचीच जागा रिकामी राहिलेली आहे.

राजवाडे धुळ्यासच 31 डिसेंबर 1926 रोजी वारले. शेवटच्या काळात ते मराठी धातूंच्या आणि शब्दांच्या व्युत्पत्तीत बुडालेले होते; ते कोश त्यांच्या मागून छापले गेले. इस्टेट म्हणावी तर कागदांचे गठ्ठे. धुळेकरांनी ते वाऱ्यावर जाऊ दिले नाहीत. 1927 साली तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांची दप्तरे, टिपणे, जुन्या पोथ्या तेथे ठेवण्यात आल्या. घराण्यांच्या वंशावळी जुळवण्याचे काम पुढे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी नेटाने चालवले; 1957 साली ‘ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी’ हा त्यांचा ग्रंथ निघाला तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी ओलांडलेली होती. त्यात मोठी घराणी आली आहेत. पाटलांची, परटांची, सुतारांची अजून यावयाची आहेत, आणि त्यांचे कागद धुळ्यास किंवा पुण्यास नसून आपल्या माळ्यांवर आहेत.