'कोई शक?'

मी मूळचा बेळगावचा. लष्करात ३१ वर्षं काढली आणि आता बंगळुरूत स्थायिक झालोय. आज सांगणार आहे ते वयाच्या ६१व्या वर्षी पुन्हा विद्यार्थी झाल्याबद्दल.

त्याचं झालं असं. आमच्या सोसायटीतले सुरक्षारक्षक एकदा म्हणाले, "साहेब, गेटवर येणारे लोक इंग्रजीत बोलतात, आम्ही नुसती मान हलवतो." मी म्हटलं, शिकवतो. आयुष्यभर जवानांना शिकवलं, यात काय अवघड? रविवारी क्लब हाउसमध्ये वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी १४ जण आले होते. दोन महिन्यांनी तीन उरले.

ते तीनही मला वाईट वाटू नये म्हणूनच येत असावेत. मग मी इंग्रजी अध्यापनाच्या पदव्युत्तर पदविकेला प्रवेश घेतला. वर्गात बाकीचे सगळे माझ्या मुलीच्या वयाचे.

लष्करातला धडा कसा असतो ते सांगतो. उस्ताद आधी नमुना दाखवतो, मग जवान तसंच करतात. शेवटी उस्ताद विचारतो, "कोई शक?" सगळे एका आवाजात म्हणतात, "नहीं, साहब!" संपला धडा. कवायतीसाठी आणि हत्यार हाताळण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. मी भाषाही तशीच शिकवत होतो.

अभ्यासक्रमात एक काम होतं. स्वतःचा एक तास मोबाइलवर चित्रित करायचा, तो पाहायचा आणि काय दिसलं ते लिहायचं. मी घड्याळ घेऊन बसलो. ४० मिनिटांच्या तासात ३३ मिनिटं मीच बोलत होतो. उरलेल्या सात मिनिटांत ते माझ्यामागून वाक्यं म्हणत होते. तीनदा मी शंका विचारल्या, पण उत्तराची वाट न बघता तिन्ही वेळा पुढे निघालो.

त्या रात्री झोप लागली नाही. एक जुनी गोष्ट आठवली. सरावाच्या आदल्या दिवशी मी वायरलेसवर संदेश कसा द्यायचा ते शिकवलं होतं. "कोई शक?" "नहीं, साहब!" दुसऱ्या दिवशी एका पोराने नकाशावरचे आकडे उलटे सांगितले आणि तुकडी भलत्याच नाल्यात उतरली. मी त्याला शिक्षा दिली. त्याला समजलं नव्हतं, आणि तसं म्हणायला मी जागाच ठेवली नव्हती. शिक्षा त्याला झाली, चूक माझी होती. हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

अभ्यासक्रमात एन. एस. प्रभू यांचं काम वाचलं. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या काही शाळांत एक प्रयोग केला. जगभर तो 'बंगलोर प्रोजेक्ट' म्हणून ओळखला जातो. तेव्हा इंग्रजी म्हणजे वाक्यरचना घोटून घेणं. प्रभूंनी मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक ठेवलं, नकाशा ठेवला आणि प्रश्न सोडवायला दिला. आधी शिक्षकाने सगळ्या वर्गासोबत एक प्रश्न सोडवायचा, मग तसाच दुसरा ज्याने त्याने स्वतः. लक्ष अर्थाकडे असलं की भाषा आपोआप मुरते, हा त्यामागचा विचार. पुढे १९९० साली त्यांनी लिहिलं की सर्वांत चांगली अशी एकच पद्धत नसते. शिकवणं यांत्रिक होणं, हा खरा धोका. ते मला नेमकं लागलं.

मग मी गेटच वर्गात आणलं. पार्सलवाला आलाय, ३०२ नंबरचा फ्लॅट बंद आहे, सोसायटीचे नियम हे असे. आता काय करायचं ते ठरवा. रायचूरकडचे एक रक्षक चार महिने गप्प बसून असायचे. ते म्हणाले, "सर, ही नो गो. फ्लॅट लॉक."

पूर्वी मी तिथेच थांबवून वाक्य दुरुस्त केलं असतं. या वेळी एवढंच म्हणालो, "राइट, द फ्लॅट इज लॉक्ड. अँड द पार्सल?" ते म्हणाले, "पार्सल हिअर. आय फोन मॅडम." व्याकरण कच्चं होतं, पण माणसाने निर्णय घेतला होता, आणि तो इंग्रजीत सांगितला होता. पुढच्या महिन्यात वर्गात नऊ जण होते.

तुमच्यात कुणी शिक्षक असतील, कुणी घरी नातवंडांचा अभ्यास घेत असतील. एकदा स्वतःचा तास चित्रित करून बघा. बघवत नाही, पण बघा. लष्करात प्रत्येक सरावानंतर आम्ही सगळ्यांच्या चुकांचा हिशोब मांडायचो. त्यात माझ्या शिकवण्याचा हिशोब कधी नव्हता.

आता मी "कोई शक?" विचारत नाही. "तुम्ही काय कराल?" असं विचारतो आणि मनात दहापर्यंत आकडे मोजतो. बहुतेक वेळा सात-आठच्या सुमारास कुणीतरी तोंड उघडतं.

जय हिंद.