सून म्हणून चालते, सरपंच म्हणून नाही

(नंदुरबार जिल्ह्यातल्या ग्रामपंचायत सदस्य आणि बचतगटाच्या कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक)



तुमच्यापैकी काही जणी सकाळी नवापूरहून गाडीनं आल्यात. नवापूरचं स्टेशन साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. एका बाकड्याच्या मधोमध हद्दीची रेघ आहे, आणि बाहेरगावचे लोक त्याच्यावर बसून फोटो काढतात. अर्धे या राज्यात, अर्धे त्या राज्यात. त्यांना गंमत वाटते. आज मला तुमच्याशी बोलायचंय ते याच रेघेबद्दल. कारण आपल्यातल्या कितीतरी जणी जन्मभर त्या बाकड्यावर बसलेल्या आहेत, आणि त्यांचा फोटो काही कुणी काढत नाही.

गेल्या पावसाळ्यात मला एक बाई भेटली. नाव सांगत नाही, सांगायची गरज नाही, तुमच्या गावातही ती असेल. माहेर उच्छल तालुक्यातलं, सासर नवापूर तालुक्यातलं. माहेरी गामित, सासरी गावित. लग्नाला बारा-तेरा वर्षं झालेली. बारावी शिकलेली, बचतगटाचं सगळं लिखाण तिच्याकडे. गावच्या सरपंचपदाला स्त्रियांचं आरक्षण आलं तेव्हा गावच म्हणालं, हिलाच उभी करा. ती कागदपत्रं घेऊन तालुक्याला गेली. तिथे तिला सांगितलं, बाई, तुझा जमातीचा दाखला गुजरातचा आहे, इथे चालत नाही. ती म्हणाली, मग नवऱ्याचा घ्या. तर म्हणे, जमात जन्मानं असते, नवऱ्याची चालत नाही.

पुढे २०२४ साली लाडकी बहीण योजना आली. महाराष्ट्रातली रहिवासी असल्याचा पुरावा हवा होता. हिचा जन्म गुजरातेतला, शाळा सोडल्याचा दाखला गुजरातचा. तिला वाटलं, आता इथेही परत पाठवतील. पण तिथे सांगितलं, काही काळजी नको, तुझा जन्म बाहेरचा असला तरी नवरा इथला आहे ना? त्याचा जन्मदाखला आण, नाहीतर शाळा सोडल्याचा आण, नाहीतर अधिवासाचा आण. शासनाच्या निर्णयातच तसं लिहिलेलं होतं.

म्हणजे पाहा. महिन्याचे पंधराशे रुपये घ्यायचे तर ती नवऱ्याच्या कागदावर महाराष्ट्राची. पण गावाचा कारभार करायचा तर ती बापाच्या कागदावर गुजरातची. ती मला म्हणाली, ताई, मी स्वतःच्या कागदावर कुठली? मला चटकन उत्तर देता आलं नाही.

आता कायदा काय म्हणतो ते जरा नीट समजून घेऊ, कारण अर्धवट माहितीवर आपण भांडायला जातो आणि तोंडघशी पडतो.

भारतात कुठेही जाण्याचा, कुठेही राहण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमानं प्रत्येकाला दिला आहे. तिला सासरी राहू नको असं कुणी म्हणत नाही. तिचं मत इथे आहे, रेशनकार्डावर नाव इथे आहे. पण अनुसूचित जमातींची यादी ३४२ व्या कलमाखाली राज्याराज्याची वेगळी होते. अमुक जमात ही 'त्या राज्याच्या संबंधात' अनुसूचित, अशी भाषा आहे. त्यावरून १९९० साली सुप्रीम कोर्टात एक खटला झाला, तोही मुंबईचा, सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाचा. आंध्रात अनुसूचित जमातीत असलेल्या कुटुंबातला मुलगा, वडील नोकरीसाठी मुंबईला आलेले. कोर्ट म्हणालं, राज्य बदललं की ती सवलत बरोबर येत नाही. १९९४ साली पुन्हा तेच, तोही खटला महाराष्ट्रातल्या दाखल्यांबद्दलचा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पाच न्यायाधीशांनी परत तेच कायम केलं. आणि त्याच वर्षी एका बाईचा निकाल लागला. पंजाबात जन्मलेली, वाल्मीकी समाजाची, लग्न होऊन उत्तराखंडात गेलेली. तिची जात दोन्ही राज्यांच्या यादीत होती. तरी कोर्टानं सांगितलं, लग्न करून आलीस तरी तू स्थलांतरितच.

स्थलांतरित! हा शब्द ऊसतोडीला बारडोलीकडे जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी आपण वापरतो. सासरी गेलेल्या पोरीलाही तोच शब्द लागतो हे मी तो निकाल वाचेपर्यंत ध्यानात घेतलं नव्हतं. या देशात सगळ्यांत जास्त गाव सोडतात त्या बायका, आणि सोडतात ते लग्नानं. पुरुष गाव सोडतो तेव्हा त्याची निवड असते, निदान पोटाची गरज असते. आपल्याला तर रीतच आहे.

आता कुणी म्हणेल, हा नियम वाईटच आहे, मोडून टाका. मी तसं म्हणणार नाही. हा नियम कशासाठी आहे ते नंदुरबारच्या बायकांना मी काय सांगू? खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा कुणी कुणी खाल्ल्या, ते आपण पाहिलंय. दाखल्याच्या पडताळणीच्या समित्यांची घडी नीट बसली ती १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यानंतर, आणि त्यांची गरज होती. दार सताड उघडं टाकलं तर आत कोण शिरेल याचा काही नेम नाही. म्हणून माझं भांडण नियमाशी नाही. तो नियम आंध्रातून मुंबईला आलेल्या माणसासाठी आहे. तोच नियम या ओढ्यापासून त्या ओढ्यापर्यंत लग्न करून गेलेल्या बाईला लावायचा का, एवढंच मी विचारते आहे.

कारण ती हद्द केव्हाची? १ मे १९६० ची. त्याआधी हा सगळा मुलूख एकाच मुंबई राज्यात. आणि तेवढंच नाही. नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा या आपल्या तालुक्यांतली दीडशेहून अधिक गावं त्या दिवशी पश्चिम खानदेश जिल्ह्यातून काढून गुजरातला दिली. आजच्या निझर, कुकरमुंडा, उच्छल भागातली कितीतरी गावं ही अशी. त्या गावांतल्या लोकांनी घर हलवलं नाही, शेत हलवलं नाही. रात्री महाराष्ट्राकडचे म्हणून झोपले आणि सकाळी गुजराती झाले! पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला, १९९८ साली १ जुलैला त्यातून आपला नंदुरबार निघाला. नावं बदलत गेली, सोयरीक मात्र तीच राहिली. मावची, गावित, वसावे, पाडवी यांची लग्नं रेघ पाहून कधी झाली आहेत का?

आणि याद्या पाहाल तर हसू येतं. महाराष्ट्राच्या यादीत एक नोंद आहे – गामित, गामता, गावित, मावची, पाडवी. गुजरातच्या यादीतही तीच. तीच नावं, तोच क्रम. १९६० साली एका यादीच्या दोन झाल्या, एवढंच.

दाखला काढताना आपल्याला काय विचारतात? ६ सप्टेंबर १९५० या दिवशी तुझे वाडवडील कुठे राहत होते? त्या दिवशी राष्ट्रपतींनी जमातींची पहिली यादी काढली, म्हणून ती तारीख. आता त्या बाईच्या आजोबांना विचारा. ते त्या दिवशी मुंबई राज्यात होते. गाव जर हस्तांतरित गावांपैकी असेल तर ते पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या बापाच्याच जिल्ह्यात! या शतकाच्या सुरुवातीच्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं असाही विचार बोलून दाखवला आहे, की राज्यांच्या पुनर्रचनेमुळे ज्यांचा मुलूखच दुभंगला, आणि जमात दोन्हीकडच्या यादीत आहे, त्यांचा हक्क जाऊ नये. तो माणूस होता छिंदवाड्याकडचा हलबा. मग उच्छलची गामित का नको? हा मुद्दा घेऊन आपल्या बाजूनं कुणीतरी नीट लढायला हवं. माझ्या मते इथे जागा आहे. जिंकूच असं मी म्हणत नाही.

दुसरीकडे पाहा. कर्नाटकाच्या सीमेवरच्या ८६५ गावांतल्या लोकांना महाराष्ट्र सरकार आपले समजून नोकरीला पात्र धरतं. चांगली गोष्ट आहे. भाषेच्या सीमेसाठी सरकारला वाट सापडते. आदिवासी बाईच्या सीमेसाठी ती अजून शोधायला घेतलेली नाही.

आणि यात धोक्यात काय आहे, तर केवळ नोकरी नाही. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे पूर्ण अनुसूचित क्षेत्र. पेसा कायद्यानं इथल्या पंचायतीचं प्रमुखपद आदिवासीसाठीच राखीव, आणि त्यात निम्म्या बायका. पण हद्दीवरच्या गावांत निम्म्याअधिक सुना पलीकडून आलेल्या असतील तिथे उभं राहायचं कुणी? निवडून आल्यावर पडताळणीचा दाखला मुदतीत दिला नाही तर पदही जातं. त्या बाईच्या गावात शेवटी काय झालं सांगू? तिची सासू सरपंच झाली. सासूचा दाखला इथला. सासूला लिहिता येत नाही. ठराव ही लिहिते, ग्रामसेवकाशी ही बोलते, सासू अंगठा लावते. दोघी हसून सांगत होत्या. मला हसवेना. 'सरपंचपती' हा शब्द आपण ऐकत आलो, आता 'सरपंचसून'! आणि तिचा मुलगा उद्या बापाच्या दाखल्यावर बिनधोक उभा राहील.

हे फक्त आपल्याच वाट्याला आलंय असं मात्र समजू नका. बाईच्या राहण्याचा पुरावा बाईच्या नावावर नसतो, हे सगळीकडे आहे, आणि राजकारण हललं की ते उघडं पडतं. २०१६ साली इंग्लंडमध्ये मतदान होऊन युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरलं. तिथे पोलंड, रुमानिया, इटलीहून आलेली लाखो माणसं वर्षानुवर्षं राहत होती, पुढे काय होणार कुणाला माहीत नव्हतं. जुन्या नियमात कायमच्या रहिवासाचा कागद हवा तर नोकरी दाखवावी लागे. जी बाई घरी मुलं सांभाळत होती तिला स्वतंत्र आरोग्यविमा होता का, असं विचारत. तो असतो हेच बहुतेकींना ठाऊक नव्हतं. पुढे नवी योजना आली, ती अट गेली, पाच वर्षं सलग राहिल्याचं दाखवलं की झालं. ३० जून २०२१ ही अर्जाची मुदत. पण दाखवायचं कशावरून? पगारदारांची नोंद करखात्याच्या यंत्रात आपोआप सापडे. घर नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, अशा बाईनं काय दाखवायचं? आसामात तर गरीब बायकांचं यापेक्षा वाईट झालं. नागरिकत्वाच्या यादीसाठी बापाशी नातं दाखवायचं होतं, आणि लहान वयात लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायकांकडे ग्रामपंचायतीचा दाखला तेवढा होता. तोही हायकोर्टानं २०१७ साली रद्द ठरवला, मग सुप्रीम कोर्टानं पडताळून घ्यायची सूट दिली. २०१९ च्या यादीतून १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली.

म्हणून कागदाला हसू नका. आपल्याकडे लग्नाची नोंद होत नाही. देज ठरतं, पंच बसतात, पोरगी नांदायला जाते. हिंदू विवाह कायदा आदिवासींना सरसकट लागू नाही, आपली रीत हाच कायदा, आणि ती रीत कित्येक बाबतींत चांगली आहे. नको तो नवरा सोडायची मोकळीक तीत आहे. पण नवऱ्यानं टाकलं की बाईचं नाव कुठेच नसतं. माहेरच्या रेशनकार्डातून कमी झालेलं, सासरच्यात चढलेलंच नाही.

सरदार सरोवराच्या वेळी हेच पाहिलं. आपल्या जिल्ह्यातली ३३ गावं बुडिताखाली. १९७९ च्या लवादानं सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला. सज्ञान मुलगी धरली नाही. नर्मदेच्या काठावर ती मुलगी काय पाहुणी म्हणून राहत होती? उलट वनहक्क कायदा पाहा, २००६ चा. त्यात नवरा-बायको दोघांच्या नावानं पट्टा द्यायचा असं स्पष्ट लिहिलं आहे. लिहिता येतं, म्हणजे! ज्यांच्या घरी पट्टा आला आहे त्यांनी घरी जाऊन आधी आपलं नाव त्यावर आहे का ते पाहावं.

आता थोडं कामाचं. मुलीचं लग्न पलीकडे ठरलं, किंवा पलीकडची सून येणार असली, तर जमातीचा दाखला लग्नाआधी माहेरच्या राज्यात काढून ठेवा. केंद्र सरकारच्या नोकरीला तो चालतो, वाया जात नाही. शाळा सोडल्याचा दाखला सासरी नेताना त्याची प्रत आईकडे ठेवा. आजोबांच्या जमिनीचा जुना उतारा, जन्ममृत्यूच्या नोंदीची नक्कल, जे सापडेल ते आत्ताच काढा. म्हातारी माणसं आहेत तोवर गावांची जुनी नावं कळतात. लग्न ग्रामपंचायतीत नोंदवा. आणि नाव बदलायची घाई करू नका. गामितची गावित व्हायला एक दिवस पुरतो, पण ती एकच बाई आहे हे सिद्ध करायला पुढे दहा वर्षं लागतात.

आपण एक यादी करायला घेतली आहे. हद्दीवरच्या गावांत पलीकडून आलेल्या सुना किती, त्यांच्यातल्या कितींच्या आजोबांचं गाव १९६० च्या आधी पश्चिम खानदेशात होतं. ही यादी हातात असल्याशिवाय मुंबईला जाऊन उपयोग नाही. ते म्हणतील दोन-चार बायकांचा प्रश्न आहे. सुपारीएवढं काम नाही हे, मला ठाऊक आहे. ज्यांचं माहेर उच्छल, निझर, सोनगड, सागबाऱ्याकडचं आहे त्यांनी चहा झाला की डावीकडच्या टेबलाशी यावं. कागद बरोबर नसले तरी चालेल. आजोबांचं नाव आणि त्यांचं गाव सांगा, तिथून सुरू करू.